गाडीच्या वॉरंटीचा फोन : कुणी घेतलीय का? अनुभव लिहा

मागच्या मंगळवारी ऑफिसातून आले तर बाबा गॅरेजमध्ये. चष्मा कपाळावर, हातात टॉर्च, आणि डायरीत माझ्या गाडीचा चासी नंबर उतरवून घेतलेला. आईबाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आलेत. त्यांच्या प्रीपेड नंबरवर फोन आला होता, 'तुमच्या गाडीची वॉरंटी संपतेय, ही शेवटची सूचना.' बाबांच्या नावावर अमेरिकेत सायकलसुद्धा नाही! पण त्यांनी माझ्या गाडीचं मॉडेल, साल, मैल सगळं इमानेइतबारे सांगितलं. पलीकडच्या बाईने महिना १३० डॉलर आणि आजच्या आज डाउन पेमेंट मागितलं. बाबा निवृत्त बँक अधिकारी. म्हणाले, आधी कागद पाठवा, वाचून कळवतो. ती म्हणे, कागद पैसे भरल्यावर येतात. बाबांनी तिला कर्जाच्या कागदपत्रांवर व्याख्यान सुरू केलं, तेव्हा तिने फोन ठेवला.

हसून झालं, पण माझ्या गाडीची कंपनीची वॉरंटी खरंच संपलीय, आणि ट्रान्समिशनच्या (म्हणजे गिअरबॉक्सच्या) खर्चाचे आकडे ऐकून धडकी भरते. फोनवरून कुणी घेतलीय का? क्लेम मिळाला का? भारतातल्यांनीही लिहा.

डॅलसहून

मी घेतली होती. सात वर्षं जुनी मिनीव्हॅन, दीड वर्ष हप्ते भरले. मग गिअर बदलताना हिसके बसायला लागले. गॅरेजवाल्याने त्यांना फोन लावला तर उत्तर आलं, ट्रान्समिशन खोलून दाखवा. खोलायची मजुरी तुमची, क्लेम मंजूर झाला तरच परत. खोललं. तीन दिवस गाडी लिफ्टवर टांगलेली, खाली ट्रेमध्ये काळ्या तेलात पडलेल्या चकत्या. मग त्यांचा माणूस आला, फोटो काढले आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या मागितल्या. मी ऑइल घरीच बदलतो. डब्यांची बिलं होती, पण किती मैलांवर बदललं याची नोंद नव्हती. क्लेम नामंजूर. खोलायचे पैसे गेले, जोडायचे वेगळे, आणि ट्रान्समिशन आहे तिथेच. बायको अजून त्या दीड वर्षाच्या हप्त्यांचा हिशेब काढते, विशेषतः पाहुण्यांसमोर.

सॅन होजेहून

मुळात ही वॉरंटी नाहीच. वॉरंटी गाडी बनवणारा देतो, गाडीच्या किमतीतच. हे विकतात ते सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, आणि एफटीसी ही सरकारी संस्था कित्येक वर्षं हेच सांगतेय. फोन करणारा नुसता विक्रेता असतो. क्लेम पास करणारी कंपनी दुसरी, आणि पैसे द्यायची जबाबदारी कधीकधी तिसऱ्याचीच. म्हणून कागदावर पहिल्यांदा बघायचं ते हे, की शेवटी पैसे कोण देणार आणि ती कंपनी बुडाली तर मागे विमा कंपनी आहे का. मग 'झीज' आणि 'आधीपासूनचा दोष' ही दोन कलमं, क्लेम नाकारायला यांचाच आधार घेतात. जुन्या गाडीत झीज म्हणता येणार नाही असं काय असतं, सांगा बरं!

बाबांना फोन कसा आला? यंत्र सरसकट नंबर फिरवतं. २०२१मध्ये एकाच टोळीने तीन महिन्यांत ५०० कोटींहून जास्त असे फोन लावले होते. एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, जुलै २०२२मध्ये टेलिफोन कंपन्यांना त्यांचे कॉल अडवायला लावले आणि २०२३मध्ये जवळपास ३० कोटी डॉलर दंड ठोठावला. फोन तरीही येतातच.

शार्लटहून

थोडा वेगळा सूर लावतो. माझा अनुभव चांगला आहे, पण मी फोनवाल्याकडून घेतलेली नाही. मूळ वॉरंटी संपायच्या आत गाडीच्या कंपनीचाच प्लॅन घेतला. आमच्या डीलरने जो भाव सांगितला त्यापेक्षा दुसऱ्या गावच्या डीलरने तोच प्लॅन बराच स्वस्त दिला. यातही घासाघीस चालते हे मला चाळिशीत कळलं. पुढे डॅशबोर्डचा स्क्रीन काळा पडला, बदलून मिळाला, खिशातून फक्त डिडक्टिबल, म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, गेलं.

शिकागोहून

गाडी घेताना फायनान्सवाल्याने माझ्याही गळ्यात एक बांधली होती. दोन आठवड्यांत लेखी रद्द केली. ते पैसे कर्जातच धरलेले असल्यामुळे परतावा बँकेकडे गेला. हप्ता तेवढाच राहिला, मुद्दल कमी झालं. मी महिनाभर माझं खातं बघत बसले होते.

पुण्याहून

इथे प्रकार निराळा. एक्स्टेंडेड वॉरंटी सहसा मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे ती संपत आली की शोरूमचे फोन सुरू होतात, आणि ते खरेही असतात. घोळ असा की तसाच फोन भामटेही करतात. मला साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला होता. गाडीचा नंबर, माझं नाव, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीखसुद्धा बरोबर! मग म्हणाला, 'सर, आजच्या डिस्काउंटसाठी या यूपीआयवर टाका.' मी म्हटलं, वर्कशॉपला येऊन भरतो, तर साहेबांचं नेटवर्क गेलं. वर्कशॉपच्या मॅडमकडे त्या नावाचा कुणीच नव्हता. कुणाचे पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

खरी घेतली तरी कशात काय बसतं ते बघा. आमच्या सोसायटीत उंदरांनी एकाची वायरिंग कुरतडली. वॉरंटीत उंदीर बसत नाही. विम्याच्या पॉलिसीत शोधावं लागतं.

पुन्हा एडिसनहून

सगळ्यांना धन्यवाद. फोनवाल्यांचा विषय संपला. वॉरंटीच्या हप्त्याइतके पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाकायचं नवऱ्याने सुचवलंय. दुसऱ्याच महिन्यात ट्रान्समिशन गेलं तर काय, यावर तो गप्प आहे.

काल बाबांना परत फोन आला. या वेळी त्यांनी स्पीकर लावून आईला शेजारी बसवलं आणि सांगितलं, गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४. पलीकडच्याने स्पेलिंग विचारलं. बाबांनी सावकाश, एकेक अक्षर सांगितलं. मग त्याने विचारलं, मैल किती झाले?

आई म्हणाली, "मैल नको, किलोमीटर सांगा. आणि शिरवळला बंद पडली होती तेही सांगा."