ब्लॉकवर ३९७००१०, तारखेच्या शेवटी ९: इंजिन १९६९ चं की १९७९ चं?

जर्सीकर:
गाडी शेवरोले कॅमॅरो, १९६९. विकणाऱ्याचं म्हणणं, ३५० (घनइंचांचं) इंजिन मूळचंच आहे. ब्लॉकच्या (इंजिनच्या ओतीव सांगाड्याच्या) मागे, गिअरबॉक्स जोडायच्या बेलहाउसिंगच्या फ्लँजवर ड्रायव्हरच्या (अमेरिकन गाडी, म्हणजे डाव्या) बाजूला ओतीव नंबर ३९७००१०. पॅसेंजरच्या बाजूला ओतल्याची तारीख, ‘सी १९ ९’. उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पुढच्या पॅडवर, म्हणजे ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर, ‘व्ही०३२७’ दिसतं, पुढची अक्षरं रंगाखाली गेलीत. व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) ब्लॉकवर ठोकलेला तुकडा ‘१९एन’ने सुरू होतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

ग्रीसमाखला:
नाही. तुम्ही दिलेली प्रत्येक खूण दोन्ही वर्षांना लागू पडते.

तारखेतलं अक्षर म्हणजे महिना: ए जानेवारी, एल डिसेंबर. सी म्हणजे मार्च, १९ तारीख, आणि ९ हा वर्षाचा फक्त शेवटचा अंक. हा ब्लॉक १९६९ पासून १९७९ पर्यंत ओतला जात होता, त्यामुळे घोळ इथेच सुरू होतो. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३२७ म्हणजे २७ मार्चला जुळणी. ओतल्यावर आठ दिवसांनी, म्हणजे क्रम बरोबर. पण वर्ष त्यातही नाही. ‘१९एन’मध्ये १ शेवरोलेचा, ९ मॉडेल वर्षाचा, एन नॉरवुडच्या कारखान्याचा. १९७९ च्या कॅमॅरोही नॉरवुडला बनत होत्या!

निकाल लागतो तो रंगाखालच्या अक्षरांवर. १९६९ मध्ये जुळणीच्या तारखेनंतरचा कोड दोन अक्षरी असायचा, १९७० पासून तीन अक्षरी. शिवाय व्हीआयएनच्या तुकड्यातले शेवटचे सहा आकडे डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या, काचेतून दिसणाऱ्या पट्टीशी जुळायलाच हवेत. पॅडवर तो तुकडा अर्धवट असेल तर ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकवर शोधा.

जुनालोखंड:
आधी ओतीव नंबर पुन्हा वाचा. ३९७००२० हा ३०७ चा ब्लॉक, ३९७००१४ हा ३५० चाच पण वेगळा. ग्रीसमध्ये ० आणि १ सहज फसवतात. फायरवॉल आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये जागा नसते, आरशातून फोटो काढला तर उलटा येतो. फ्लँजवर केरोसिन आणि तारेचा ब्रश चालेल, मग खडू घासा. उठाव पांढरा होतो.

पॅडवर मात्र तारेचा ब्रश किंवा सँडपेपर अजिबात नको. रंग उतरवायचं रसायन आणि नायलॉनचा ब्रश एवढंच. मूळ पॅडवर मशीनच्या बारीक, सरळ रेघा पुढून मागे जातात. टॉर्च आडवा धरून बघा. रेघा गायब असतील किंवा गोल ओरखडे असतील तर ब्लॉक कधीतरी घासला गेलाय, कदाचित नंबर पुन्हा ठोकलेत. फक्त सपाट केलेला पॅड म्हणजे फसवणूकच असं नाही. हेड बसवायची जागा तासताना पॅडही तासला जातो. पण मग पुरावाही उरत नाही.

व्हीआठवाला:
३९७००१० म्हणजे ३५० हेही गृहीत धरू नका. १९६९ मध्ये याच ब्लॉकवर ३०२ आणि ३२७ ही झाली. तिघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, फरक स्ट्रोकचा (पिस्टनच्या फेरीच्या लांबीचा): ३, ३.२५ आणि ३.४८ इंच. प्लगच्या भोकातून सळई घालून मोजू नका, भोक तिरकं असतं, माप चुकतं. ऑइल पॅन काढाच. क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) ३९३२४४२ दिसला तर ३५०. त्याच वेळी क्रँक धरणाऱ्या मधल्या तीन बेअरिंग कॅपना दोन बोल्ट आहेत की चार तेही कळेल. बाहेरून ते ओळखता येत नाही, कोणी काही सांगो.

ब्लॉकच्या पुढे, टायमिंग कव्हरमागे ओतलेल्या ‘०१०’, ‘०२०’ या आकड्यांवर गप्पा बऱ्याच होतात. ब्लॉकचं वर्ष ठरवायला त्यांचा उपयोग शून्य. हेडवरून वर्ष ठरवू नका, ती चार तासांत बदलता येतात.

जर्सीकर:
रंग काढला. व्ही०३२७ नंतर तीन अक्षरं. रेघा शाबूत. सहा आकडे पट्टीशी जुळत नाहीत.

ग्रीसमाखला:
मग १९७९ चं, आणि पॅडला कोणी हात लावलेला नाही. चांगला ब्लॉक आहे, पण ‘मूळ इंजिन’ म्हणून लावलेली किंमत खाली यायला हवी. पॅडचा आणि पट्टीचा फोटो विकणाऱ्यासमोर ठेवा.