फ्लोरिडा स्टेट: १३-१, मग २-१०, आता ५-७. कोच नॉर्वेलना ठेवलं, पण पुढे काय?

सेमिनोल_समर्थक

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२५ चा नियमित हंगाम संपला. गेन्सव्हिलला फ्लोरिडाकडून ४०-२१ हरलो आणि सलग दुसऱ्या वर्षी 'बोल'ला (हंगामानंतरच्या निमंत्रित सामन्याला) लागणारे सहा विजयही जमले नाहीत. ऑगस्टमध्ये याच संघाने अलाबामाला ३१-१७ असं झोपवलं होतं, म्हणून जास्त लागतं. २०२३ मध्ये १३-० ने एसीसीचं (आपल्या परिषदेचं) विजेतेपद (मग बोल हरून १३-१), त्यानंतरच्या दोन हंगामांत मिळून ७-१७.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. २०२४ ची पडझड क्वार्टरबॅकमुळे (पास टाकणाऱ्यामुळे) झाली की लाइनमुळे (त्याच्यासमोरच्या अडवणाऱ्या फळीमुळे)? यंदा गुण भरपूर झाले, तरी सामने का हरलो? आणि नॉर्वेलना ठेवलं ते विश्वास आहे म्हणून, की काढणं परवडत नाही म्हणून? २ जानेवारी २०२६ ला पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलण्याची खिडकी) उघडतंय. "कोच हटाव" एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसऱ्या धाग्यावर लिहा.

पुलिंगगार्ड

लाइन. पण नुसती २०२४ ची लाइन नाही, ती ज्या पद्धतीने उभी केली ती पद्धत.

२०२३ चा संघ आठवा. व्हर्स अल्बनीहून आला, कोलमन मिशिगन स्टेटहून, जॉनी विल्सन अॅरिझोना स्टेटहून, बेन्सन ओरेगनहून, फिस्क वेस्टर्न मिशिगनहून, बेल साउथ कॅरोलायनाहून. ऑफेन्सिव्ह लाइनवरही बायर्स, रॉडिक, कियॉन्ड्रे जोन्स हे बाहेरचेच. पोर्टलमधून इतकं नेमकं वेचणं तेव्हा दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं आणि त्याचं श्रेय नॉर्वेलना द्यायलाच हवं. पण हे सगळे एक-दोन वर्षांचे पाहुणे. हंगाम संपला आणि २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या निवडीत) एका फटक्यात दहा जण गेले. अशा वेळी हायस्कूलमधून घेतलेली, दोन-तीन वर्षं वेट रूममध्ये घडलेली मुलं खालून वर यावी लागतात. ती रांगच तयार नव्हती. बियाणं दरवर्षी विकत आणून पीक चांगलं निघतं, पण ज्या वर्षी बियाणं फसतं त्या वर्षी कोठारात काहीच नसतं.

त्याचा परिणाम पहिल्या दोन सामन्यांतच दिसला. डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४-२१. लगेच पुढे बोस्टन कॉलेजने अडीचशेहून जास्त यार्ड धावून काढले आणि आपले निघाले वीसेक. रन गेम नसला की प्रत्येक तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न) लांबचा होतो, समोरच्या एजला (कडेच्या बचावपटूला) पासच येणार हे माहीत असतं, तो निर्धास्त धावून येतो, टॅकलला (आपल्या लाइनच्या टोकावरच्या खेळाडूला) एकट्याने त्याला अडवावं लागतं आणि क्वार्टरबॅक कुणीही असो, चेंडू घाईतच सुटतो. बारा सामन्यांत १८५ गुण, म्हणजे सामन्याला १५.४. त्यातले ४१ एकट्या चार्ल्सटन सदर्नविरुद्ध. नोटर डेमविरुद्ध फक्त तीन.

यंदाही सेंटर (लाइनच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) पेटिटबॉन वेक फॉरेस्टचा, पेटस ओल मिसचा, हॅन्सन व्हँडरबिल्टचा, मेडली यूसीएफचा. अलाबामाविरुद्ध हीच मंडळी २३० यार्ड रन काढून देत होती आणि ती लाइन मला मनापासून आवडली. पण बहुतेकांचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे जानेवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तिसरा_डाऊन

लाइनबद्दल सहमत, पण क्वार्टरबॅकला इतकं स्वस्तात सोडू नका.

जॉर्डन ट्रॅव्हिस २०१९ मध्ये लुईव्हिलहून आला आणि २०२३ पर्यंत इथेच वाढला. नॉर्वेलचा सगळ्यात यशस्वी हंगाम घरी घडलेल्या मुलावर उभा होता, हे पोर्टलच्या कौतुकात विसरलं जातं. नॉर्थ अलाबामाविरुद्ध त्याचा पाय गेला, तरी फ्लोरिडाला २४-१५ आणि लुईव्हिलला १६-६ हरवलं, ते डिफेन्सच्या जिवावर. तो हंगाम शेवटी प्लेऑफ समितीने, १३-० असूनही बाहेर ठेवून, ज्या तऱ्हेने पुसला ते आजही पटत नाही. पण त्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट उघड झाली होती: ट्रॅव्हिसच्या मागे कुणी तयार नव्हतं.

मग केलं काय? एका वर्षासाठी डीजे उइयांगालेलेई. त्याच्या हाताला दुखापत झाल्यावर ब्रॉक ग्लेन आणि पहिल्या वर्षाचा क्रोमेनहुक आलटून पालटून. क्रोमेनहुक नंतर मिसिसिपी स्टेटला निघून गेला. यंदा पुन्हा एका वर्षासाठी टॉमी कास्तेयानोस, म्हणजे २०२४ मध्ये बोस्टन कॉलेजकडून खेळून आपल्यालाच २८-१३ हरवणारा. दोन वर्षांत दोन पाहुणे आणि तिसऱ्याचा शोध आता चालू होणार.

कास्तेयानोस यंदाचे ऑफेन्स समन्वयक मलझान यांच्या पद्धतीत बसतो, यात वाद नाही. काउंटर आणि पॉवर या धावण्याच्या चालींवर गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन) पुल करून बाहेर येतो, क्वार्टरबॅक चेंडू द्यायचा की ठेवायचा ते एजकडे बघून ठरवतो, आणि याचे पाय जलद आहेत. अलाबामाविरुद्ध त्याने जेमतेम १४ पास टाकले आणि जिंकलो. अडचण सुरू झाली ती प्रतिस्पर्ध्यांकडे टेप पोहोचल्यावर. बॉक्समध्ये (लाइनसमोरच्या पट्ट्यात) सातऐवजी आठ माणसं, एक लाइनबॅकर फक्त क्वार्टरबॅकवर नजर ठेवून, आणि दोन्ही एजना एकच सूचना: आत घुसू नका, त्याला पॉकेटमध्ये कोंडा. उंची कमी असल्याने मधल्या पट्ट्यातले थ्रो त्याला लाइनच्या वरून नीट दिसत नाहीत. मग सगळा भार बाहेरच्या लांब पासवर. ड्यूस रॉबिन्सनने हजार यार्ड पार केले ते त्यामुळेच. पण वीस यार्ड लाइनच्या आत मैदानच आखूड होतं, तिथे लांब पास टाकायला जागा उरत नाही. मग टचडाऊनऐवजी फील्ड गोल, किंवा तेही नाही.

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकडे नीट सोडवले की सापडतं.

यंदा १२ सामन्यांत ३९६ गुण, सरासरी ३३. देखणा आकडा आहे. त्यातून ईस्ट टेक्सस ए अँड एमचे ७७ आणि केंट स्टेटचे ६६ काढा. उरलेल्या दहा सामन्यांची सरासरी २५.३ वर येते. आता फक्त बाहेरगावचे सामने घ्या: व्हर्जिनियात ३८ (तेही दोन ओव्हरटाइम धरून), स्टॅनफर्डला १३, क्लेमसनला १०, एनसी स्टेटला ११, फ्लोरिडात २१. पाच सामने, पाच पराभव. २०२४ मधले बाहेरचे चार धरले तर सलग नऊ. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा शेवटचा विजय २५ नोव्हेंबर २०२३ चा, गेन्सव्हिलमधला. दोन वर्षं उलटून गेली!

कारण नुसतं मानसिक नाही. आवाजात क्वार्टरबॅकचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे सायलेंट काउंट वापरावा लागतो: गार्ड मागे बघून सेंटरला खूण करतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या लयीत स्नॅप (चेंडू मागे देणं). ही लय एकत्र बरेच महिने खेळलेल्या लाइनला जमते. चार वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेल्या चौघांना उशिरा जमते, किंवा जमतच नाही. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हालचाल) झाला की पहिला आणि दहाचा पहिला आणि पंधरा होतो, आणि रनवर उभा असलेला ऑफेन्स तिथेच अडतो. घरच्या मैदानावर हा प्रश्नच येत नाही. वेक फॉरेस्टला ४२-७, व्हर्जिनिया टेकला ३४-१४ हरवलं ते डोक कॅम्पबेलवर.

व्हर्जिनिया, मायमी, पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड हे सलग चार पराभव अनुक्रमे ८, ६, ३ आणि ७ गुणांनी. त्यातले दोन फिरले असते तर ७-५ झालं असतं, बोल मिळाला असता आणि हा धागा वेगळ्या सुरात निघाला असता. पण चारही सामने गेले, तर त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. (भारतातून बघणाऱ्यांसाठी: दुपारी साडेतीनचा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री एकला सुरू होतो. अशा सामन्यांसाठी जागलेल्या सगळ्यांना नमस्कार.)

हिशेबनीस

तिसरा प्रश्न माझा.

जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे कोच सेबन निवृत्त झाले, त्यांच्या जागेसाठीच्या यादीत नॉर्वेलचं नाव आलं आणि आपण घाईने २०३१ पर्यंतचा करार केला, वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त. आत्ता काढायचं तर त्यांचे एकट्याचेच पाच कोटींहून जास्त द्यावे लागतात, सहायकांचे वेगळे. आणि नवा कोच आला की त्याचा करार, त्याचे सहायक, शिवाय आपल्या खेळाडूंसाठी पोर्टलची जादा खिडकी उघडते, म्हणजे रॉबिन्सनसारखे हातचे जाण्याची भीती. हे सगळं जमेस धरून विद्यापीठाने त्यांना ठेवलं. माझ्या मते पैशाचा वाटा मोठा आहे, पण निर्णय चुकीचा नाही. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटकडून घरी हरलो, हंगाम ०-४ ने सुरू झाला, तेव्हाही हीच मागणी होती. धीर धरला म्हणून १०-३ आणि १३-१ बघायला मिळालं. आधीचे कोच टॅगर्ट यांना दुसऱ्या हंगामातच काढून आपण काय मिळवलं होतं?

नॉर्वेलची इथली एकूण नोंद ३८-३४ आहे. २०२४ नंतर त्यांनी स्वतःच्या पगारातले ४५ लाख डॉलर कार्यक्रमाच्या निधीकडे वळवले, दोन्ही समन्वयक बदलले, मलझान आणि टोनी व्हाइट आणले. माणूस जबाबदारी झटकत नाही. मात्र २०२६ मध्ये आठ विजय नसतील तर तेव्हा कराराची रक्कमही कमी झालेली असेल आणि माझा युक्तिवादही संपलेला असेल.

आता मोठं चित्र. हाउस खटल्याच्या (खेळाडूंच्या मानधनाबद्दलच्या) तडजोडीनंतर प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट द्यायला २०२५-२६ साठी २.०५ कोटी डॉलरची मर्यादा होती. मर्यादा सगळ्यांना सारखी, पण ती भरायला लागणारं टीव्हीचं उत्पन्न एसईसी आणि बिग टेन या परिषदांकडे आपल्याहून बरंच जास्त. म्हणूनच एसीसीवर खटला भरला होता. मार्च २०२५ च्या समझोत्यात दोन गोष्टी पदरात पडल्या. एक, टीव्हीच्या पैशातला ६० टक्के हिस्सा आता प्रेक्षकसंख्येवर वाटला जातो आणि तिथे आपण वरच्या रांगेत आहोत. दोन, बाहेर पडण्याचा दंड दरवर्षी १.८ कोटींनी घटत २०३०-३१ ला ७.५ कोटींवर येतो, आणि तो भरला की प्रक्षेपणाचे हक्कही आपल्याकडे परत.

बिग टेनचा टीव्ही करारही त्याच सुमारास संपतो. तेव्हा २०३० च्या आधी कुठे जाण्याची चर्चा व्यर्थ आहे. पण त्या वर्षी आमंत्रण मिळवायचं तर आत्तापासून जिंकावं लागेल, कारण ५-७ वाल्या संघाचे सामने लोक नोव्हेंबरात बघत नाहीत, आणि प्रेक्षक घटले की ६० टक्क्यांतला वाटाही घटतो.

तिसरा_डाऊन

त्यात एक भर. "बारा संघांचं प्लेऑफ झालंय, एसीसी जिंकली की आत" असं कुणी समजत असेल तर यंदाचं ड्यूक बघा. व्हर्जिनियाला हरवून एसीसी जिंकली, तरी ८-५ नोंदीमुळे बाहेर. टुलेन आणि जेम्स मॅडिसन आत गेले. २०२५ च्या नियमाने विजेतेपदाबरोबर नोंदही लागत होती.

सेमिनोल_समर्थक

आभार, इतकं नेमकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मग जानेवारीत नक्की काय करायला हवं? आणि पोर्टल वाईट म्हणून सोडून द्यायचं का?

पुलिंगगार्ड

सोडून कसं चालेल? आत्ता भोक आहे ते पोर्टलनेच बुजणार. फक्त काय विकत घ्यायचं ते बदलायला हवं.

आधी वेळेचं गणित. आजवर एप्रिलमध्ये दुसरी खिडकी असायची. स्प्रिंगच्या पंधरा सरावांत एखादी जागा कच्ची दिसली की तिथून माणूस आणता यायचा. आता ती बंद. २ ते १६ जानेवारी एवढीच खिडकी, आणि स्प्रिंग सराव त्यानंतर. म्हणजे जानेवारीत चुकलेला टॅकल थेट नोव्हेंबरपर्यंत गळ्यात. त्यामुळे बेत १६ तारखेच्या आत पक्का लागतो.

लाइनवर पंधरा-सोळा जण हवेत. पोर्टलमधून चार-पाच घ्या, पण त्यातल्या निदान तिघांकडे दोन वर्षं शिल्लक हवीत, आणि सेंटर त्यातलाच असावा, कारण सगळ्या खुणा त्याच्या डोक्यातून निघतात. एक वर्ष उरलेला माणूस घ्यायचाच तर टॅकल घ्या, गार्ड नको. गार्ड घरी घडवता येतो, दोन वर्षं वजन आणि पावलं यांवर काम केलं की उभा राहतो. चांगला लेफ्ट टॅकल तसा घडत नाही, मुळात लांब हात असावे लागतात. एकाच कॉलेजातले शेजारी-शेजारी खेळलेले दोघे मिळाले तर थोडे जास्त पैसे मोजूनही घ्यावेत, स्टंट आणि ट्विस्ट (बचावपटूंच्या जागा बदलून घुसण्याच्या चाली) एकमेकांकडे सोपवण्याचा सराव त्यांना आयताच असतो.

क्वार्टरबॅक पोर्टलमधून येणार हे उघड आहे. तोही दोन वर्षांचा मिळाला तर उत्तम. पण आपल्याच राखीव क्वार्टरबॅक केव्हिन स्पेरीला प्रत्येक सामन्यात ठरलेल्या दोन सिरीज (चेंडू आपल्याकडे असतानाच्या फेऱ्या) द्या, निकाल काहीही असो. ४० गुणांनी पुढे असताना दिलेल्या स्नॅपमधून कुणी शिकत नाही.

डिफेन्सबद्दल इथे कुणी फार लिहिलं नाही, पण टोनी व्हाइटच्या ३-३-५ चा (तीन लाइनमन, तीन लाइनबॅकर, पाच मागचे बचावपटू) पाया म्हणजे नोज टॅकल, मधोमधचा लाइनमन. त्याने दोन ब्लॉकर अंगावर घेतले नाहीत तर मागचे तिन्ही लाइनबॅकर गार्डच्या तावडीत सापडतात आणि मधून रन निघतो. डॅरेल जॅक्सनसारखा अवाढव्य माणूस जातोय. त्याच्या जागी एक नव्हे, दोन हवेत, कारण त्या वजनाचा माणूस सामन्याला चाळीसपेक्षा जास्त स्नॅप ताकदीने खेळू शकत नाही. चौथ्या क्वार्टरात तोच दमलेला असतो आणि जवळचे सामने तिथेच सुटतात.

हिशेबनीस

पैशाच्या बाजूने याला एकच अडसर: दोन वर्षं शिल्लक असलेला लाइनमन महाग पडतो. रिसीव्हरवरचा खर्च थोडा आखडला तर जमेल.

रात्रपाळी

२०२६ मध्ये १९ सप्टेंबरला टस्कलूसाला अलाबामाशी परतीचा सामना आहे, आणि एसीसी आठऐवजी नऊ सामन्यांच्या वेळापत्रकाकडे चालली आहे. म्हणजे घासून होणाऱ्या लढती वाढणार, सोपे विजय कमी. त्या दिवशी गुणफलकाआधी फॉल्स स्टार्ट किती झाले ते मोजा. पहिल्या हाफमध्ये दोनच्या आत असतील तर पुलिंगगार्ड म्हणतात ती लाइन जमली असं मी धरेन.