म्युझेओ रोझेनबाखला कव्हरनं मारलं की बाजारानं?

जुनीतबकडी: इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावरचा पाच जणांचा प्रोग बँड, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारा. १९७३ साली रिकॉर्डी कंपनीनं त्यांची 'झरथुस्त्रा' ही तबकडी काढली आणि लवकरच खेळ खल्लास. काळ्या कव्हरवर कोलाजनं जुळवलेला चेहरा, त्यात मुसोलिनीचा अर्धपुतळा; आत जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा अतिमानव, ज्याची कल्पना नाझींनी आपल्या सोयीनं वापरली. मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या बाँबस्फोटाला, ज्याचा संशय नव-फॅसिस्टांवर होता, चार वर्षंही झाली नव्हती. फॅसिस्ट म्हणून शिक्का बसला, सरकारी रेडिओ 'राय'नं पाठ फिरवली. एका चित्रापायी चांगला बँड हकनाक गेला, असं माझं मत.

खडूस: हकनाक कसला? मुसोलिनी मेला १९४५ला. १९७३च्या श्रोत्यांपैकी कित्येकांच्या आईबापांनी ती राजवट भोगलेली. त्यांच्या पोरांनी पुतळा बघून 'वा, काय कोलाज!' म्हणायचं?

जुनीतबकडी: मग आरेआ ह्या दुसऱ्या इटालियन बँडचं काय? त्याच वर्षी त्यांनी पहिल्या तबकडीला नाव दिलं 'आर्बाइट माख्ट फ्राय' ('काम मुक्त करतं'), थेट नाझींच्या आउशवित्झ छळछावणीच्या फाटकावरचं. त्यांना कुणी नाझी म्हटलं नाही.

खडूस: कारण आरेआ उघड डावे होते, उपरोध कुणाचा ते लोकांना ठाऊक होतं. ही पोरं कुठल्याच बाजूची नाहीत, वर अतिमानव! संशय येणारच.

मेलोट्रॉनप्रेमी: अहो, जरा गाण्यांबद्दलही बोला की. पहिली बाजू अख्खी एकच रचना, पाच भागांची. गायक गालिफीचा घोगरा आवाज, मागे मेलोट्रॉनची (टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डची) भिंत. पण ते जड होतं, खपलं नसतंच. पीएफएम ह्या इटालियन प्रोग बँडला देशाबाहेर न्यायला इमर्सन, लेक अँड पामर ह्या इंग्लिश बँडचं मँटिकोर लेबल होतं. ह्यांना कोण होतं? आणि ड्रमर गोल्झी बघा. १९७५ला मातिया बाझार ह्या पॉप बँडमध्ये गेला, १९७८ला त्या बँडनं सान्रेमो ही टीव्हीवर दाखवली जाणारी गाण्यांची स्पर्धा जिंकली. शिक्का एवढा घट्ट असता तर त्याला तिथे कुणी उभं केलं असतं?

खडूस: सान्रेमोचा प्रेक्षक वेगळा हो. तिथे घरचे सगळे टीव्हीसमोर, ड्रमरची कुंडली कोण मांडतो! प्रोगचा श्रोता म्हणजे कॉलेजातली डावी पोरं. तीच रुसली तर तिकीट घेणार कोण?

जुनीतबकडी: म्हणजे कव्हरनंच मारलं. हेच तर म्हणतोय!

खडूस: 'मारलं'ला हरकत नाही तबकडीराव, 'हकनाक'ला आहे. छापायच्या आधी रिकॉर्डीत कुणी ते कव्हर पाहिलं नव्हतं का?