मदत हवी आहे: रेपो दर कर्जदरांपर्यंत किती पोहोचतो, हे मोजताना आकडे जुळत नाहीत

प्रबंधार्थी

एम.ए.च्या प्रबंधासाठी रिझर्व्ह बँकेच्या दरबदलांचा बँकांच्या कर्जदरांवर होणारा परिणाम मोजतोय. ऑक्टोबर २०१६ (पतधोरण समितीची पहिली बैठक) ते मार्च २०२३, म्हणजे ७८ महिने. एका बाजूला शिल्लक (आधी दिलेल्या, अजून न फिटलेल्या) कर्जांवरचा भारित सरासरी दर, दुसऱ्या बाजूला महिनाअखेरचा रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते). दोन्ही जसेच्या तसे घेतले तर आर-स्क्वेअर (समीकरण किती जुळतं याचं माप) भरघोस येतो, पण अवशेषांत (समीकरणाने न उलगडलेल्या भागात) महिन्या-महिन्यांमध्ये जबर सहसंबंध राहतो. महिन्यागणिक फरक घेतले तर कोइफिशंट (रेपो एक टक्का बदलला की कर्जदर किती बदलतो तो आकडा) जवळजवळ शून्य.

१) कर्जदर कोणता घ्यावा? २) ऑक्टोबर २०१९ पासून बरीच नवी कर्जं बाह्य मानदंडाला (रेपोसारख्या बँकेबाहेरच्या दराला) बांधली गेली, त्यानंतरचा फरक कसा पकडावा? ३) मार्गदर्शकांना उत्पादकतेवरही एक प्रकरण हवंय. केएलईएमएसचे (उद्योगनिहाय उत्पादकतेच्या माहितीसंचाचे) आकडे मासिक मालिकेला कसे जोडायचे?

कोष्टक

कोइफिशंट शून्याजवळ येणारच. शिल्लक कर्जांत स्थिर दराची कर्जं आहेत, जुन्या बेस रेटची (बँकेने ठरवलेल्या किमान दराची) आहेत, एमसीएलआरची (निधीच्या सीमांत खर्चावरून बँक ठरवते त्या दराची) आहेत. एमसीएलआरच्या कर्जात दर बदलण्याची मुदत साधारण सहा महिने ते एक वर्ष. शिवाय एमसीएलआर स्वतःच रेपोला थेट बांधलेला नाही. निधीचा सीमांत खर्च, सीआरआरवरचा (रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी ठेवाव्या लागणाऱ्या रकमेवरचा) तोटा, परिचालन खर्च आणि मुदतीचा अधिभार, असे त्याचे चार घटक. त्यातला निधीचा खर्च मुख्यतः ठेवींच्या दरावर चालतो. रेपो कमी झाला, मग नव्या ठेवींचे दर उतरले, मग एमसीएलआर, मग कर्जदाराची रीसेटची (दर बदलण्याची) तारीख. एवढी साखळी एका महिन्याच्या फरकात दिसणं शक्यच नाही.

तेव्हा दोन समीकरणं स्वतंत्र चालवा: एक नव्या कर्जांच्या दरावर, एक शिल्लक कर्जांच्या. दोन्ही मालिका रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर मिळतात, सरकारी, खासगी आणि परदेशी बँकांच्या वेगळ्याही. मुख्य निष्कर्ष नव्या कर्जांवरून काढा, पण एक धोका लक्षात असू द्या. एखाद्या महिन्यात उत्तम पतमानांकनाच्या मोठ्या कंपन्यांनी अल्पमुदतीची कर्जं जास्त उचलली, तर कोणत्याही बँकेने दर न बदलताही सरासरी खाली येते. मार्चच्या (वर्षअखेरच्या) आकड्यांकडे म्हणून जरा संशयाने पाहा. पडताळणीसाठी एक वर्षाच्या एमसीएलआरची मध्यिका शेजारी ठेवा, तिच्यावर कर्जांच्या मिश्रणाचा असा परिणाम होत नाही.

दोरीवरचादर

महिनाअखेरचा रेपो आधी काढून टाका. सप्टेंबर २०२२ बघा: ३० तारखेला दर ५.४० वरून ५.९० झाला. तुमच्या तक्त्यात तो महिना ५.९० दाखवतोय, पण २९ दिवस बँकांनी ५.४० च्या हिशेबाने कर्जं दिली. दिवसांची सरासरी काढली तर ५.४२ येते. मार्च २०२० मध्येही तेच: २६ दिवस ५.१५, पाच दिवस ४.४०, सरासरी ५.०३, आणि तुमच्याकडे ४.४०. अशा महिन्यांत परिणाम न होण्याचं खापर बँकांवर फुटतं, दोष मात्र मोजमापाचा असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २२ मे २०२० ते ४ मे २०२२ रेपो ४.०० वर गोठलेला होता. मालिकेत दोन वर्षं काहीच घडलं नाही असं दिसतं. प्रत्यक्षात तरलता (बँकांकडचा जादा पैसा) इतकी होती की बाजाराचा दर रिव्हर्स रेपोकडे (बँकांना रिझर्व्ह बँकेकडे पैसे ठेवल्यावर मिळणाऱ्या दराकडे), ३.३५ च्या आसपास सरकला होता. त्याआधी १७ एप्रिल २०२० ला तर फक्त रिव्हर्स रेपो कमी केला होता, रेपोला हात लावला नव्हता. मग ८ एप्रिल २०२२ ला ३.७५ टक्क्यांची स्थायी ठेव सुविधा (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे पैसे ठेवण्याची नवी सोय) आली आणि कॉरिडॉरचा (बाजाराचा दर ज्या पट्ट्यात राहावा त्याचा) तळ ४० बेसिस पॉइंटनी (०.४० टक्क्याने) वर गेला. रेपो जागचा हलला नव्हता! ही दरवाढ तुमच्या समीकरणाला दिसतच नाहीये.

उपाय सोपा आहे. रेपोऐवजी कॉल मनीचा (बँका एकमेकींना एका दिवसासाठी देतात त्या पैशाचा) भारित सरासरी दर घ्या, रिझर्व्ह बँकेचं परिचालन लक्ष्यही तोच आहे. रेपो आणि कॉल दर यांतलं अंतर हे तरलतेचं चल म्हणून वेगळं घाला.

कोष्टक

पद्धतीबद्दल. सरळ फरकांच्या समीकरणापेक्षा लोकल प्रोजेक्शन करा. शून्य ते बारा अशा प्रत्येक अंतरासाठी वेगळं समीकरण: डावीकडे (त्या महिन्याचा कर्जदर वजा धक्क्याच्या (दरबदलाच्या) आदल्या महिन्याचा कर्जदर), उजवीकडे कॉल दराचा या महिन्यातला फरक, आणि दोन्ही मालिकांतल्या मागच्या तीन-तीन महिन्यांचे फरक. स्टँडर्ड एरर नेवी-वेस्टचे (अवशेषांतला सहसंबंध हिशेबात धरणारे), लॅग (मागचे महिने) अंतरापेक्षा एकने जास्त. आलेले तेरा कोइफिशंट आलेखावर मांडले की दरबदलाला मिळालेला एकत्रित प्रतिसाद दिसतो. ७८ महिन्यांतून बाराव्या अंतराला बारा निरीक्षणं गळतात, म्हणून लॅग वाढवत बसू नका.

ऑक्टोबर २०१९ साठी डमी (त्याआधी शून्य, नंतर एक असं चल) नुसता जोडू नका, कॉल दराच्या फरकाशी गुणून घाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची किरकोळ कर्जं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं बाह्य मानदंडाला बांधली गेली, मध्यम उद्योगांची १ एप्रिल २०२० पासून. दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलायचाच. मोठ्या उद्योगांना हे बंधन नाही आणि जुनी कर्जं आपोआप बदलली नाहीत, त्यामुळे एकाच तारखेचा डमी नव्या कर्जांना ठीक, शिल्लक कर्जांना खोटा ठरतो. तिथे बाह्य मानदंडाच्या कर्जांचा हिस्सा चल म्हणून वापरा, पतधोरण अहवालात तो मिळतो.

आणि खरी गोम इथे आहे. तुमच्या नमुन्यात २०१९ नंतरचा सर्वांत मोठा बदल म्हणजे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मधली २५० बेसिस पॉइंटची वाढ. आधीच्या ३६ महिन्यांत मुख्यतः कपात. मग वेग वाढला तो नव्या मानदंडामुळे, की दर चढताना बँका तत्पर असतात म्हणून? तुमच्या नमुन्यात हे वेगळं करणं अवघड आहे. नमुना २०२५ पर्यंत न्या, फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये १०० बेसिस पॉइंटची कपात आहे. तेव्हा १ जुलै २०२३ चा डमी विसरू नका, त्या दिवशी एचडीएफसी ही कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि बँकांच्या शिल्लक कर्जांतला गृहकर्जांचा वाटा एका उडीत वाढला.

प्रबंधार्थी

आभारी आहे, कॉल दराने बरंच उलगडलं. एक शंका: नव्या कर्जांवरचा परिणाम बारा महिन्यांनीही एकापेक्षा कमीच राहतो. रेपोला बांधलेलं कर्ज तर पूर्ण चढायला हवं ना?

दोरीवरचादर

मानदंड पूर्ण चढतो, त्यावर बँक जोडते तो स्प्रेड नाही. जुन्या कर्जदाराचा पतजोखमीचा स्प्रेड बँकेला त्याची पत लक्षणीय बदलल्याशिवाय हलवता येत नाही. नव्या कर्जदाराला मात्र पहिल्याच दिवशी कमी स्प्रेड देता येतो आणि चढत्या दरात गिऱ्हाईक टिकवायला बँका तो देतात. म्हणून एकापेक्षा कमी येणं चूक समजू नका. नव्या कर्जांचा दर वजा रेपो हा फरक वेगळ्या आलेखावर मांडा, २०२२-२३ मध्ये तो आकसलेला दिसेल.

कोष्टक

उत्पादकतेचा प्रश्न राहिला. केएलईएमएस वार्षिक आहे, १९८०-८१ पासून, २७ उद्योगांचं. ते मासिक करण्यासाठी मधले आकडे भरू नका, भरलेल्या आकड्यांतून खोटी सुरळीतता येते आणि टी-मूल्यं (निष्कर्षाच्या खात्रीचं माप) फुगतात. उलट बाजूने जा: कर्जदर वार्षिक करा आणि उद्योगनिहाय पॅनेल (प्रत्येक उद्योगाचे वर्षागणिक आकडे) बांधा. प्रत्येक उद्योगाचं बँककर्जावरचं अवलंबन नमुन्याच्या आधीच्या वर्षांवरून ठरवून स्थिर ठेवा आणि दरबदलाशी गुणा. बँककर्जाचं उद्योगनिहाय वर्गीकरण केएलईएमएसच्या २७ उद्योगांशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा जुळणीचा तक्ता परिशिष्टात द्या. परीक्षक तिथेच पहिला प्रश्न विचारतात.