क्युबिट किती ते सोडा, सिग्नल फ्रिजबाहेर कसा काढणार?

बालाघाटी_मास्तर (धागाकर्ता)
एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, ६००३ कोटींचं. तेव्हापासून क्वांटमचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, साध्या संगणकातल्या बिटसारखा)? मिशनचं उद्दिष्टही आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिट असं आकड्यातच आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. सुपरकंडक्टिंग क्युबिटचं (म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या सर्किटातल्या क्युबिटचं) घोडं अडणार आहे ते सिग्नल बाहेर काढताना, आणि त्यावर आजवरचा सगळ्यात दमदार उपाय म्हणजे थरथरणारा पडदा.

हे क्युबिट ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हवर चालतात, तेही १०-२० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या किंचित वर, खास फ्रिजमध्ये. तिथला एक फोटॉन, म्हणजे लहरीचा सगळ्यात लहान तुकडा, साध्या तारेनं खोलीच्या तापमानात आणला, तर त्याच वारंवारतेचे उष्णतेचे बाराशेवर फोटॉन तिथं आधीच गर्दी करून बसलेले असतात. त्यात आपला एक शोधायचा कुठं? १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला मात्र मे महिन्यातलं नांदेडही काही करू शकत नाही. काचतंतूत किलोमीटरमागे जेमतेम साडेचार टक्के प्रकाश वाया जातो. म्हणून मायक्रोवेव्हचा प्रकाश करायचा. वारंवारता साधारण ३८ हजार पट चढवायची आणि क्युबिटची अवस्था मात्र मोडू द्यायची नाही.

हलगीसारखा ताणून बसवलेला सिलिकॉन नायट्राइडचा अतिपातळ पडदा घ्या. त्यावरचा धातूचा ठिपका म्हणजे सुपरकंडक्टिंग सर्किटमधल्या कपॅसिटरची एक प्लेट. सिग्नलसोबत दुसरी एक मायक्रोवेव्ह सोडायची, दोघींच्या वारंवारतेतला फरक पडद्याच्या स्वतःच्या कंपनाइतका ठेवायचा. पडदा त्या तालावर हलू लागतो, आणि त्याच पडद्याला भिडून परतणाऱ्या लेझरमध्ये ती हालचाल उमटते. अमेरिकेत बोल्डरच्या जिला संस्थेनं २०१४ मध्ये अशी सुमारे १० टक्के कार्यक्षमता दाखवली, २०१८ मध्ये ४७ टक्के.

आपल्या भागातल्या एम.एस्सी.च्या पोरांनी यात उतरावं. औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, येतंय. प्रकाश आरशाला ढकलतो, हेच शास्त्र तिथंही लागणार. अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोच्या आरशांवर प्रकाशाच्या दाबाची क्वांटम थरथर मोजल्याचं २०२० मध्ये प्रसिद्धही झालं.

सिग्नलवाला_बीड
सर, ४७ टक्के सांगितलं, पण त्याच प्रयोगातला ३८ फोटॉनचा गोंगाट कामून गाळला? एक फोटॉन टाकायचा आणि बाहेर अडतीस उपरे घ्यायचे, याला क्वांटम कोण म्हणंल?

आणि हा दोष पडद्याच्या जातीतच आहे. १ मेगाहर्ट्झचा पडदा १० मिलिकेल्विनला नेला तरी त्यात कंपनाचे दोनशेच्या आसपास क्वांटा (सगळ्यात लहान तुकडे) शिल्लक राहतात. त्याला वेगळं गार करत बसावं लागतं. वरून फ्रिजमधी लेझर सोडायलेत! लेझरच्या एका फोटॉनची ऊर्जा ॲल्युमिनियममधली कूपर जोडी (विरोधाशिवाय वीज वाहणारी इलेक्ट्रॉनची जोडी) फोडायला लागते त्याच्या दोन हजार पट आहे. जरा प्रकाश सांडला की क्युबिट बिघडला.

लिथियम नायोबेटचा स्फटिक घ्या, हलणारा भागच नाही. ऑस्ट्रियातल्या गटानं २०२३ मध्ये त्यातूनच मायक्रोवेव्ह आणि प्रकाश यांची एंटँगल्ड, म्हणजे एकमेकांत क्वांटम पद्धतीनं गुंतलेली, अवस्था बनवून दाखवली.

बालाघाटी_मास्तर
बीडकर भाऊ, ३८ हा २०१८ चा आकडा झाला. २०२२ मध्ये पडदा लेझरनंच मूळ अवस्थेपर्यंत, म्हणजे कंपन कमीत कमी उरतं तिथपर्यंत, गार केला आणि गोंगाट तीनच्या आसपास आला, कार्यक्षमता तीच राखून. त्याच साली सुपरकंडक्टिंग क्युबिट या मार्गानं प्रकाशातून वाचलाही, आणि क्युबिटला फारसा धक्का न लावता. तुमच्या स्फटिकाचं म्हणाल तर त्यातली जोडणी दुबळी, म्हणून तिथं लेझरचे जबर स्पंद मारावे लागतात. मग कूपर जोड्यांची काळजी फक्त पडद्याच्या वेळीच का?

गोदाकाठ
प्रकाश हवाच कशाला? झुरिकच्या लोकांनी ३० मीटरची नळीच मिलिकेल्विनपर्यंत गार केली, दोन टोकांचे क्युबिट मायक्रोवेव्हनंच एंटँगल केले आणि बेलची चाचणीही (गुंता खरंच क्वांटम आहे का याची परीक्षा) पार पाडली, २०२३ मध्ये. दोन फ्रिज जोडायला एवढं बास झालं की.

बालाघाटी_मास्तर
एका इमारतीत बास आहे. पुण्यापासून मुंबईपर्यंत नळी गार कोण करणार?

तेरणाकाठची
मास्तर, तुमचं भौतिकशास्त्र मान्य, शेवटचा परिच्छेद नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस्सी.ला शिकवते. आमच्याकडं मायकेलसन इंटरफेरोमीटर (प्रकाशाचे दोन झोत एकत्र आणून पट्ट्या दाखवणारं यंत्र) एकच. बाहेरून एसटी गेली की पट्ट्या नाचतात, पोरं मोजणी सोडून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढतात. पट्ट्या स्थिर व्हायच्या आत दुसरी एसटी. या पोरांना मिलिकेल्विनची स्वप्नं कोणत्या तोंडानं दाखवू? ज्यांना खरंच भौतिकशास्त्र आवडतं ती लातूर पॅटर्नमध्ये नीटच्या मागं लागून आधीच गेलेली असतात. (क्लासवाल्यांनी इथं येऊन भांडू नये, मला तेवढा वेळ नाही.)

लायगो औंढ्याला येतंय म्हणून शेजारच्या कॉलेजात आपोआप काही उगवत नाही. पैसा बंगळूर, मद्रास, मुंबई, दिल्लीच्या क्वांटम मिशनच्या हबांकडं (मुख्य केंद्रांकडं) जाणार.

बालाघाटी_मास्तर
ताई, फ्रिज मागतोय कोण? सिलिकॉन नायट्राइडचे पडदे खोलीच्या तापमानालाही एका ठोक्यावर लाखो कंपनं टिकवतात. निर्वात डबा, साधा लेझर आणि तुमचा तोच इंटरफेरोमीटर. एसटीनं नाचणाऱ्या पट्ट्या हीच पहिली मोजणी समजा. कंपन किती, कुठल्या वारंवारतेचं, ते अडवायचं कसं. लायगोवाल्यांचं निम्मं आयुष्य यातच जातं.

सिग्नलवाला_बीड
एक राहिलं. २०२२ ला क्युबिट "वाचला" म्हणजे शून्य का एक एवढा निकाल बाहेर आला. क्युबिटची अवस्था बाहेर आली नाही. दुसऱ्या फ्रिजमधल्या क्युबिटला जोडायचं तर अवस्थाच लागती. एकापेक्षा कमी गोंगाट आणि निम्म्यावर कार्यक्षमता, दोन्ही एकाच यंत्रात, स्पंद न मारता चालू राहील असं दाखवा, मग पडद्याला मानतो.

बालाघाटी_मास्तर
एंटँगलमेंट आधी बनवून मग तिच्या जोरावर अवस्था पलीकडं पोचवली (टेलिपोर्ट केली) तर निम्म्याची अट पडतेच कुठं? तुम्ही दिलेला ऑस्ट्रियाचा प्रयोग त्याच वाटेवरचा आहे. गोंगाटाची अट मात्र कबूल.

तेरणाकाठची
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, तो पडदा विकत कुठं मिळतो आणि कॉलेजच्या खरेदी समितीपुढं त्याचं कोटेशन कोणत्या नावानं ठेवायचं? निर्वात पंप आमच्याकडं आहे, पट्टा तुटलेला.