अमेरिकेतील मधल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष का घसरतो, आणि आपल्याकडेही तसेच घडते का?

अक्कलकोटरोडकर (प्रश्न)

मी अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे पाहतो. आमचा बराच माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर तेथे 50 टक्के आयातशुल्क लागले, तेव्हापासून त्या देशाचे राजकारण आमच्याकडे रोजच्या बोलण्याचा विषय झाले आहे. नोव्हेंबर 2026 मध्ये तेथे मधली निवडणूक, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणारी संसदेची निवडणूक आहे; त्यात प्रतिनिधिगृहाच्या सर्व 435 जागांसाठी आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान आहे. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या जागा त्यात कमी होणारच, कारण दर वेळी तसेच होते, असे या धंद्यातील अनेक जण ठामपणे सांगतात.

मी जुने आकडे पाहिले तेव्हा हे बोलणे पोकळ वाटले नाही. ओबामा 2008 मध्ये मोठ्या उत्साहात निवडून आले आणि 2010 मध्ये त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील 63 जागा गमावल्या. ट्रम्प 2016 मध्ये निवडून आले आणि 2018 मध्ये त्यांच्या पक्षाच्या 40 जागा गेल्या. ज्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी एखाद्याला निवडले त्यांचे मन इतक्या लवकर आणि इतक्या नियमितपणे कसे बदलते, हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्याकडेही 2018 च्या डिसेंबरमध्ये राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये भाजपची सत्ता गेली होती. त्यामागचे कारण हेच होते का? शिवाय राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले तर आयातशुल्क कमी होईल, ही आमच्याकडची आशा कितपत खरी धरावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

होटगीकर

माझ्या मते याचे उत्तर कारभारात आहे. निवडणुकीआधी प्रत्येक मतदार उमेदवाराच्या बोलण्यात आपल्याला हवे ते ऐकतो, परंतु सत्ता हाती आल्यावर एकच निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाने कोणीतरी दुखावतोच. 2010 च्या मार्चमध्ये ओबामांनी आरोग्यविम्याचा कायदा मंजूर करून घेतला, त्यावरून देशात उभी फूट पडली होती आणि त्या वर्षी बेरोजगारीही 9 टक्क्यांच्या वर होती. अशा स्थितीत सत्ताधाऱ्यांना मार बसला यात नवल काय? 1974 मध्ये विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपण्याच्या वॉटरगेट प्रकरणामुळे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ऑगस्टमध्ये पायउतार व्हावे लागले, त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी सप्टेंबरमध्ये त्यांना माफी दिली आणि नोव्हेंबरमध्ये त्या दोघांच्या रिपब्लिकन पक्षाने 48 जागा गमावल्या. लोक काम पाहतात आणि त्याप्रमाणे मत देतात. यापलीकडे फार खोल जाण्याची गरज मला वाटत नाही.

जुना राज्यशास्त्रवाला

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले असून हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून थोडे लांबवर लिहितो.

होटगीकर यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. केवळ कारभारावरच्या नाराजीने हे घडत असते, तर ज्या राष्ट्राध्यक्षांना मधल्या निवडणुकीत मोठा मार बसला ते पुढच्या निवडणुकीत पडायला हवे होते. प्रत्यक्षात रेगन यांच्या पक्षाने 1982 मध्ये 26 जागा गमावल्या आणि 1984 मध्ये स्वतः रेगन यांनी 50 पैकी 49 राज्ये जिंकली. क्लिंटन यांच्या पक्षाच्या हातून 1994 मध्ये 40 वर्षांनी प्रतिनिधिगृह गेले, तरीही 1996 मध्ये ते आरामात परतले. ओबामांचेही 2012 मध्ये तसेच झाले. लोकांनी दोन वर्षांत त्यांना नाकारले आणि पुढच्या दोन वर्षांत पुन्हा स्वीकारले, असे मानण्यापेक्षा दोन्ही वेळी मतदान करणारे लोकच पूर्णपणे तेच नव्हते, हे ध्यानात घेणे अधिक योग्य ठरते.

माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत अमेरिकेत साधारण 60 टक्के मतदान होते आणि मधल्या निवडणुकीत ते 40 टक्क्यांच्या आसपास उतरते. 2014 मध्ये तर ते 36-37 टक्क्यांवर आले होते आणि 1942 नंतर इतके कमी मतदान कधीच झाले नव्हते. म्हणजे दर दोन वर्षांनी कोट्यवधी माणसे मतदानकेंद्राकडे येतात किंवा फिरकत नाहीत. मोठ्या निवडणुकीत एखाद्या नेत्याच्या प्रभावाने जो एरवी उदासीन असलेला मतदार बाहेर पडतो, तो नेत्याचे नाव मतपत्रिकेवर नसताना घरीच राहतो आणि त्याच्या भरवशावर काठावर निवडून आलेले त्याच पक्षाचे प्रतिनिधी उघडे पडतात. अँगस कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने 1960 मध्ये मांडलेला उसळी आणि ओसरण यांचा सिद्धांत थोडक्यात हाच आहे. भर पावसाळ्यात उजनी काठोकाठ भरते आणि पुढे पातळी खाली जाते, तेव्हा धरणाला भगदाड पडले असे आपण म्हणत नाही. 2008 ची पातळी असाधारण उंच होती, म्हणून 2010 ची घट इतकी मोठी दिसली.

तथापि एवढ्यानेही सगळे उलगडत नाही, कारण 2018 मध्ये मतदान कमी न होता जवळपास 50 टक्क्यांपर्यंत वाढले, जे गेल्या शंभर वर्षांत मधल्या निवडणुकीत झाले नव्हते, आणि तरीही राष्ट्राध्यक्षांचा पक्ष हरला. येथे दुसरी गोष्ट पुढे येते. जो समाधानी आहे त्याला घाई नसते. आपला माणूस सत्तेवर आहे, काम चालले आहे, असे मानून तो निवांत राहतो. ज्याला सत्तेची भीती किंवा चीड वाटते तो मात्र रांगेत उभा राहतोच आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. 2018 मध्ये दोन्ही बाजूंचे मतदार वाढले, पण चिडलेल्या बाजूचे अधिक वाढले. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत मतदार दोन माणसांची तुलना करतो आणि सत्तेवरचा माणूस नावडता असला तरी समोरचा त्याहून नावडता असू शकतो. मधल्या निवडणुकीत समोर तुलनेला कोणी उभे नसते, त्यामुळे ती एकट्या सत्ताधाऱ्याविषयीच्या कौलासारखी होते. काही मतदार तर सर्व सत्ता एका हाती नको या विचाराने जाणूनबुजून दुसऱ्या पक्षाला मत देतात. हा विचार मला प्रगल्भ वाटतो, परंतु इतका हिशेब करणारे मतदार संख्येने थोडेच असावेत.

अपवाद पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. गेल्या शंभर वर्षांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा वाढल्या त्या 1934, 1998 आणि 2002 या तीनच वर्षांत. 1934 मध्ये महामंदीतून वाट काढणाऱ्या रूझवेल्ट यांच्यामागे लोक उभे राहिले, 2002 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे वातावरण होते, आणि 1998 मध्ये अर्थव्यवस्था जोरात असताना विरोधक क्लिंटन यांच्यावर महाभियोग आणण्याच्या मागे लागले, तेव्हा क्लिंटन यांचे समर्थकच जागे झाले. 2022 मध्येही महागाई मोठी असून बायडन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील 9 जागाच गमावल्या आणि सिनेटमध्ये उलट एक मिळवली. त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा राष्ट्रव्यापी हक्क काढून घेतला होता आणि त्यामुळे सत्ताधारी पक्षाच्या मतदारालाही घराबाहेर पडण्याचे कारण मिळाले होते. ज्या वर्षी सत्तेच्या बाजूच्या माणसालाही काहीतरी गमावण्याची भीती वाटते, त्या वर्षी ही घसरण थांबते किंवा अगदी थोडी राहते.

आयातशुल्काविषयी मात्र फार आशा धरू नये, असे मी आपणास स्पष्टपणे सुचवतो. प्रतिनिधिगृह विरोधकांकडे गेले तरी शुल्क कमी करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आपला नकाराधिकार वापरू शकतात आणि तो ओलांडण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. निवडणुकीतील पराभवाचा राजकीय दबाव ही वेगळी गोष्ट आहे. ऑर्डरीचे नियोजन मात्र त्या भरवशावर करू नये.

मंगळवेढ्याचा बूथवाला

सरांनी फार चांगले समजावून सांगितले आहे, पण अमेरिकेचे माप आपल्याकडे लावताना जपून राहावे, एवढे सांगण्यासाठी लिहीत आहे. मी अनेक निवडणुकांत बूथवर बसलो आहे, स्लिपा वाटल्या आहेत आणि दुपारनंतर यादी हातात घेऊन राहिलेले मतदार बाहेरही काढले आहेत.

आमच्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघाची पोटनिवडणूक एप्रिल 2021 मध्ये झाली. राज्यात महाविकास आघाडीचे सरकार येऊन दीड वर्ष होत आले होते, आमदार भारत भालके यांचे निधन झाले होते आणि त्यांचे पुत्र भगीरथ भालके राष्ट्रवादीकडून उभे होते. सहानुभूती असूनही भाजपचे समाधान आवताडे सुमारे 3,700 मतांनी निवडून आले. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर लगेच सांगण्यात आले की हा सरकारविरोधी कौल आहे. परंतु 2019 मध्ये याच मतदारसंघात सुधाकरपंत परिचारक भाजपकडून आणि आवताडे अपक्ष म्हणून वेगवेगळे लढले होते, आणि त्या दोघांची मते एकत्र केली तर ती भालके यांच्यापेक्षा कितीतरी अधिक होती. 2021 मध्ये परिचारक गट आवताडे यांच्यामागे उभा राहिला. दोन ठिकाणी विभागलेली मते एका ठिकाणी आली, तरीही अंतर इतके थोडे राहिले, याचा अर्थ सत्ताधारी उमेदवाराची मते वाढली असेच म्हणावे लागेल. शिवाय आमच्या तालुक्यातील 35 गावांचा पाणीप्रश्न, तालुक्यातला उमेदवार असल्याचा अभिमान, कारखान्यांचे गट, यांचे वजन मुंबईतील सरकारच्या कामगिरीहून अधिक होते. त्याच काळातील देगलूर आणि कोल्हापूर उत्तर या दोन्ही पोटनिवडणुका सत्तेतील काँग्रेसने जिंकल्या होत्या. तेव्हा पोटनिवडणुकीचा निकाल लागला की आधी मागच्या वेळी मते कोणाकोणात विभागली होती ते पाहावे, नाराजीचा विचार त्यानंतर करावा.

अक्कलकोटरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे म्हणणे मला पटले, पण त्यातून एक शंका निर्माण झाली. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात महायुतीला लोकसभेच्या 48 पैकी 17 जागा मिळाल्या आणि अवघ्या पाच-साडेपाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्याच महायुतीने विधानसभेत 288 पैकी 230 च्या आसपास जागा जिंकल्या. नाराज माणूस बाहेर पडतो आणि समाधानी घरी राहतो हे खरे असेल, तर सहा महिन्यांच्या आत उलटे कसे झाले?

जुना राज्यशास्त्रवाला

शंका अगदी योग्य आहे, आणि तिचे उत्तरही मतदानाला कोण आले यातच शोधावे लागेल. महाराष्ट्रात लोकसभेला सुमारे 61 टक्के मतदान झाले होते आणि विधानसभेला ते 66 टक्क्यांवर गेले. अमेरिकेत दुसऱ्या वेळी मतदार कमी होतात, येथे ते वाढले. आपल्याकडे विधानसभा ही दुय्यम निवडणूक नाही; रस्ता, वीज, दाखला, पीकविमा या सगळ्यांसाठी माणूस आमदाराकडे जातो, म्हणून तिला लोक अधिक जवळची मानतात.

दुसरे असे की सत्ताधाऱ्यांना मध्ये उत्तर द्यायला वेळ मिळाला. लोकसभेच्या वेळी कांद्याचा राग मोठा होता. डिसेंबर 2023 मध्ये आलेली निर्यातबंदी 4 मे 2024 रोजी उठली आणि आपल्याकडे मतदान 7 मे रोजी झाले, तेवढ्यात सोलापूरच्या बाजार समितीत कांदा आणणारा शेतकरी झालेले नुकसान कसा विसरणार? त्यानंतर जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये सुरू झाले आणि शेतीपंपांच्या वीजबिलाची माफी आली. म्हणजे सत्तेच्या बाजूच्या मतदारालाही, विशेषतः महिलांना, काहीतरी टिकवण्यासाठी बाहेर पडण्याचे कारण मिळाले. अमेरिकेच्या अपवादांत जे दिसले तेच हे आहे.

राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडविषयी आपण विचारले होते. डिसेंबर 2018 मध्ये तेथे हरलेल्या भाजप आघाडीने 2019 च्या लोकसभेत राजस्थानातील सर्व 25, मध्य प्रदेशातील 29 पैकी 28 आणि छत्तीसगडमधील 11 पैकी 9 जागा जिंकल्या. तो कौल मुख्यतः त्या राज्यांतील सरकारांविषयी होता, दिल्लीविषयी नव्हता. कर्नाटकातील मतदारांनी तर डिसेंबर 1984 मध्ये लोकसभेच्या 28 पैकी 24 जागा काँग्रेसला देऊन मार्च 1985 मध्ये रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाला विधानसभेत बहुमत दिले होते.

पूर्वभागातली वाचक

सरांच्या उत्तरात सोलापूर जिल्ह्यापुरती एक भर घालावीशी वाटते. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यात महायुतीची लाट होती, तरी आपल्या जिल्ह्यातील 11 पैकी 6 जागा विरोधकांनी जिंकल्या आणि भाजपला 5 मिळाल्या. शहरात मात्र नेमके उलट झाले. जूनमध्ये प्रणिती शिंदे खासदार झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा जुना शहर मध्य मतदारसंघ भाजपकडे गेला. त्यामुळे सगळे श्रेय एका योजनेला देणे मला बरोबर वाटत नाही, कारण विरोधकांनी जिंकलेल्या बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा येथील महिलांनाही तेच 1,500 रुपये मिळत होते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड पाणी येते, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतील गटारींचा प्रश्न तसाच आहे, आणि त्याविषयीचा राग ज्या निवडणुकीत व्यक्त व्हायला हवा ती निवडणूकच वेळेवर होत नव्हती. त्यामुळे 2024 मध्ये लोकसभेच्या प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या गल्लीतल्या महिला नळाच्या पाण्याविषयीच विचारत होत्या, जरी तो विषय खासदाराच्या हातचा नव्हता. मधल्या निवडणुका वेळेवर झाल्या असत्या, तर नगरसेवकावरचा राग नगरसेवकालाच ऐकावा लागला असता.