४० मिमीचा शाफ्ट हिशोबात बसतो, तरी तिसऱ्यांदा तुटला

अंबडचा_गणेश: अंबड एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे, कांदा ग्रेडिंगची मशिनं बनवतो. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याकडे दिलेल्या मशिनचा ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) शाफ्ट दर सात-आठ महिन्यांनी तुटतोय. परवा ऐन हंगामात तुटला, खळ्यावर ट्रॅक्टर उभे होते. मला रात्रभर झोप नाही. मोटर ५ एचपी, शाफ्टला मिनिटाला ६० फेरे. पीळ (टॉर्क) ५९० न्यूटन-मीटर धरला. चेनची ओढ ५००० न्यूटन, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बेअरिंगपासून ८० मिमी बाहेर. बेंडिंगचा (वाकण्याचा) ताण ६४, पिळाचा ताण ४७, दोन्ही मिळून व्हॉन मिसेस (सगळे ताण एका आकड्यात आणणारं माप) १०३ मेगापास्कल. ईएन-८ याच्या दुप्पट सहज सोसतो ना? तडा कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून निघालाय, पुढे तिरपा गेलाय. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा आहेत.

सातपूर_टूलरूम: कीवे कुठपर्यंत आहे? बेअरिंगच्या तोंडाशी नेला असेल तर तिथेच मेला तो.

निवृत्त_मेटलर्जिस्ट: गणेशराव, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते शाफ्ट वाकडा होईल का एवढंच सांगतं. तडा कुठून निघेल आणि कुठल्या दिशेला जाईल, ते त्या १०३ मध्ये नाही. त्या रेषा थकव्याच्याच, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन तडा हळूहळू वाढल्याच्या.

बेंडिंग दर फेऱ्याला उलटतं, पीळ मात्र सुरू-बंद करतानाच चढतो-उतरतो. दोघांची वेळ जुळत नाही, म्हणून ताणाची मुख्य दिशाच फिरत राहते आणि एका आकड्यात ते मावत नाही. ब्राउन आणि मिलर या संशोधकांनी १९७३ साली हाच मुद्दा धरला: धातूतल्या प्रत्येक प्रतलावर (मनात कल्पलेल्या सपाट छेदावर) कातर (सरकवणारा ताण) किती आणि त्या प्रतलाला उघडणारा ताण किती, हे पाहा. जे प्रतल सगळ्यांत वाईट, तिथे तडा जन्मतो. सुरुवात कातरीच्या दिशेने, मग तो ओढीला काटकोनात वळतो. नुसत्या बेंडिंगचा तडा शाफ्टला आडवा जातो, नुसत्या पिळाचा ४५ अंशांनी वळसे घेतो. तुमचा मधला आहे, म्हणजे पीळही कापतोय.

एंड मिलने (टोकाने कापणाऱ्या कटरने) काढलेल्या कीवेच्या धारदार कोपऱ्यात बेंडिंग साधारण दुप्पट, पीळ तिप्पट मोठा होतो. ६४ चे १३० झाले की ईएन-८ च्या थकवा-मर्यादेपासून (ज्या ताणाखाली थकव्याने तडा जात नाही) फार अंतर उरत नाही. दिवसाला दहा तास धरले तर ३६,००० फेरे होतात, २०० दिवसांत ७२ लाख.

सातपूर_टूलरूम: साइड अँड फेस कटरने (चकतीसारख्या कटरने) काढा, टोकाला उतार येतो. कोपऱ्यात रेडियस (गोलाई) द्या. कीवे बेअरिंगपासून मागे घ्या.

निवृत्त_मेटलर्जिस्ट: आणि स्प्रॉकेट ५० मिमीवर आणा, बेंडिंग ६४ वरून ४० होईल. जाडी वाढवण्याआधी हे करा. उरलेल्या मशिनांच्या शाफ्टची डीपी टेस्ट (लाल पेनिट्रंट लावून तडे शोधायची चाचणी) करून घ्या, लाल रेघ दिसली की लगेच बदला.

अंबडचा_गणेश: कीवे खरंच बेअरिंगच्या कडेपर्यंत होता, आत्ता कॅलिपरने मोजला. गावोगाव अशी अकरा मशिनं दिलीत. उद्या सकाळी पेनिट्रंट घेऊन पिंपळगावपासून सुरू करतो.